अकरावं सुगड

"हे असं काठीवरून उतरवायचं, बादलीवर धरायचं आणि बुडावर दोन टिचक्या मारायच्या," मुकुंदराव म्हणाले आणि त्यांनी सुगडाच्या बुडावर दोन टिचक्या मारल्या. आतून गवताचा बोळा खाली आला आणि त्याच्यामागून दहा-बारा तपकिरी किडे बादलीत पडले. लांबट, चपटे, आणि प्रत्येकाच्या शेपटाला एक चिमटा. साबणाच्या पाण्यात ते चिमटे उघडझाप करत बुडाले.

मी दोन पावलं मागे सरले. "अगंबाई! हे कानात शिरतात ना?"

"कुणी सांगितलं?"

"आमची आई म्हणते."

"तुझ्या आईच्या कानापेक्षा त्यांना माझा डेलिया जास्त आवडतो," ते म्हणाले. "रात्री पाकळ्या कुरतडतात आणि उजाडलं की अंधारी, चिंचोळी जागा शोधतात. ती जागा आपणच त्यांना द्यायची. गवत भरून सुगड पालथं टांगलं की सगळे आपणहून आत येऊन बसतात. सकाळी ऊन चढायच्या आत उतरवायचं. रोज. एक दिवस चुकवायचा नाही." मग बोळा पुन्हा सुगडात कोंबता कोंबता ते अगदी सहज म्हणाले, "शरयूची युक्ती आहे ही."

शरयू म्हणजे त्यांची पहिली बायको. ती जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि मला या घरात येऊन तीन दिवस.

नवऱ्याचं नाव घ्यायचं ते उखाण्यात, अशा घरात मी वाढले. पण गोष्ट सांगताना 'हे' 'हे' करत बसले तर वाचणाऱ्याला कुणाचं काय ते कळायचं नाही, म्हणून मुकुंदरावच म्हणते. आता रागवायलाही ते नाहीत.

मुकुंदराव पाचगणीच्या एका निवासी शाळेत भूगोल शिकवायचे. शाळेच्या आवारात दोन खोल्यांचं बिऱ्हाड, पुढे ओटा आणि ओट्याला लागून बागेची एक अरुंद पट्टी. मी मिरजेची. वडिलांच्या दुखण्यात माझं लग्नाचं वय निघून गेलं आणि एकतिसाव्या वर्षी हे बिजवराचं स्थळ आलं. मुकुंदराव चाळिशीला टेकलेले, मूलबाळ नाही, शरयू काविळीने गेलेली. "माणूस निर्व्यसनी आहे," असं काका म्हणाले होते. काकांना डेलियाबद्दल कुणी सांगितलं नसावं.

घर सगळं शरयूने लावलेलं होतं. मी पंधरा दिवसांत मसाल्याच्या डब्यातल्या वाट्या हलवल्या, पलंगाची दिशा बदलली, तिच्या हातचे पडदे काढून माझे लावले. आयत्या बिळावर नागोबा झाले खरी, पण त्या बिळाला दुसऱ्या कुणाचा वास यायचा ते मला सोसवेना. मुकुंदराव कशालाच नाही म्हणाले नाहीत. पडदे बदलल्याचं तर त्यांच्या आठ दिवसांनी लक्षात आलं.

बागेत मात्र माझं काही चालत नव्हतं. तिथे डेलियाची अकरा झाडं होती, प्रत्येकाला आधाराची काठी, आणि प्रत्येक काठीच्या टोकाला एक सुगड. संक्रांतीला आपण बोरं, गाजरं, हरभरे भरून एकमेकींना वाण देतो ना, तीच मातीची छोटी सुगडं. शरयूच्या शेवटच्या संक्रांतीची. पावसाने रंग उडाला होता, पण एक-दोन सुगडांवर तिने ओढलेली हळदकुंकवाची बोटं अजून ओळखू यायची. रोज सकाळी ती सुगडं हातात घेताना माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मेलेल्या बाईचा मत्सर करू नये, हे मला कळत होतं. कळून काय उपयोग?

दहा झाडं साधी होती, गुलाबी आणि पिवळी, शाळेच्या माळ्याने दिलेली. अकरावं स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर होतं. त्याचं फूल काळपट लाल, वाढायच्या ताटाएवढं होतं असं मुकुंदराव सांगायचे. बाकीचे कंद थंडीत माळ्याच्या खोपीत जायचे. लाल झाडाच्या कंदासाठी मात्र आमच्या पलंगाखाली वाळू भरलेली लाकडी पेटी होती.

"पलंगाखाली कशाला?" मी विचारलं.

"तिथे ऊब असते," ते म्हणाले. "खोपीत कुजला तर? भाद्रपदातल्या नवमीला लागतं ते फूल. शरयूच्या."

सवाष्ण गेलेल्या बाईसाठी पितृपंधरवड्यात अविधवा नवमी करतात. तिच्या नावाने एका सवाष्णीला जेवू घालायचं, ओटी भरायची, केसांत फूल माळायचं. आमच्याकडे सवाष्ण म्हणून शरयूची थोरली बहीण यायची, वाईहून, गोदाअक्का. वडिलांनी मुलींना नद्यांची नावं दिलेली. तर त्या दिवशी अक्काच्या अंबाड्यात तेच लाल फूल लागायचं, दुसरं चालायचं नाही.

"बरं," मी म्हटलं. आणि त्या पेटीच्या वर झोपत राहिले.

श्रावणात माझी पहिली मंगळागौर आली. एकतिसाव्या वर्षी मंगळागौर पुजायची म्हणजे शेजारपाजारच्या बायका तोंडावर पदर घेऊन हसणार, पण मला हौस होती. लग्नात ती कुणी विचारलीच नव्हती. सोमवारी सकाळी मुकुंदराव लाल झाडापाशी उभे होते आणि हरभऱ्याएवढ्या कळ्या नखाने खुडून टाकत होते.

"अहो, खुडता कशाला?"

"आत्ता फुलल्या तर नवमीपर्यंत झाड थकतं. सगळा जोर शेवटच्या कळ्यांसाठी राखायचा."

"एक ठेवा ना यंदा. माझ्या मंगळागौरीला."

ते थांबले. खरंच विचार करत होते, हे मला दिसत होतं. मग म्हणाले, "एक ठेवली तरी जोर तिकडे जातो गं. नवमीचं फूल लहान येतं. तू ती बाकीची दहा झाडं सगळी घे. पार ओकीबोकी कर, माझी हरकत नाही."

आणि त्यांनी खरोखरच दुसऱ्या दिवशी पहाटे दहा झाडांची फुलं कापून मला टोपलीभर आणून दिली. गुलाबी, पिवळी, दवाने भिजलेली. गौर फुलांखाली दिसेनाशी झाली. बायका म्हणाल्या, "लीलावहिनी, नशीब काढलंत हो!" मी हसले. माझं सगळं लक्ष न मिळालेल्या त्या एका फुलावर होतं.

बुधवारी मुकुंदराव साडेसहाला शाळेत गेले. मुलांच्या सकाळच्या अभ्यासावर त्यांची देखरेख असे. मी बादली घेऊन बागेत आले. पहिलं सुगड उतरवलं, जड लागलं. बादलीवर धरलं आणि तसंच मागे घेतलं. खिडकीसमोरच्या झाडापाशी गेले, सुगड त्याच्या बुंध्याशी नेलं आणि दोन टिचक्या मारल्या. किडे मातीत पडले, क्षणभर बावरले आणि पाल्याखाली गेले. मग दुसरं सुगड. मग तिसरं. दहाही सुगडांतलं गणगोत मी त्या एका झाडाच्या पायाशी आणून सोडलं. अकराव्याला हात लावला नाही. त्यातले तिथेच बरे होते.

तेव्हापासून माझं हे रोजचं काम झालं. मला किळस वाटायची नाहीशी झाली. चिमटेवाले चावत नाहीत, कानात शिरत नाहीत, उगाच बदनाम आहेत, हेही मला कळलं. पंधरा दिवसांत दहा झाडं धुवून वाळत घातल्यासारखी स्वच्छ दिसू लागली आणि लाल झाडाच्या पानांची जाळी झाली. कळ्या उमलायच्या आधीच एका बाजूने पोखरल्या जायच्या.

"त्यालाच कसे लागतात गं?" मुकुंदराव संध्याकाळी विचारायचे. "सुगडं रोज झाडतेस ना?"

"रोज," मी म्हणायची. यात खोटं काही नव्हतं.

त्यांनी बुंध्याशी राख टाकली. निंबोळीचा अर्क फवारला. माळ्याला बोलावून आणलं. तो डोकं खाजवत म्हणाला, "मास्तर, झाडाला नजर लागलीय." मुकुंदराव नजर वगैरे मानणारे नव्हते, पण त्या दिवशी ते काही बोलले नाहीत. त्यांचं जेवण कमी झालं. पोळी तोडून हातात धरून खिडकीतून बाहेर बघत बसायचे आणि म्हणायचे, "माझंच काहीतरी चुकतंय."

मला आनंद व्हायचा. आज इतक्या वर्षांनी मुलामा कशाला देऊ? मला आनंदच व्हायचा. त्यांचा उतरलेला चेहरा पाहून नंतर वाईटही वाटायचं, पण सकाळ झाली की मी पुन्हा सुगडं घेऊन तिथेच.

नवमीला चार दिवस उरले तेव्हा झाडावर एकच धड कळी राहिली होती. मुकुंदरावांनी जुन्या मलमलीच्या धोतराचं फडकं फाडलं, त्याची पिशवी शिवली, कळीवर चढवली आणि खाली देठाशी नाडी आवळून बांधली. जखमेवर पट्टी बांधावी इतक्या हलक्या हाताने. मी खिडकीतून बघत होते. माझ्या हाताला विळीने कापलं होतं त्याच आठवड्यात, तेव्हा "हळद लाव," एवढंच म्हणाले होते.

अष्टमीला सकाळी ते शाळेत गेल्यावर मी ती नाडी बोटभर सैल केली आणि अकराव्या सुगडातला गवताचा बोळा त्या कळीला टेकवून काठीवर बांधला. तासाभराने बोळा काढून पुन्हा सुगडात घातला. त्यातले बरेचसे किडे तोवर पिशवीत शिरलेले होते.

दुपारच्या एसटीने गोदाअक्का आल्या. उंचनिंच, थोराड बाई, आवाज खणखणीत. ओट्यावर पिशव्या टाकून आधी माझ्या तोंडावरून हात फिरवला.

"लीला ना गं तू? लग्नाला मला येता आलं नाही, सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. आता हे बघ, शरयूच्या जागी तू. म्हणजे माझी धाकटी बहीण. वाईचं घर तुझं माहेर समज."

मला तेही आवडलं नाही. शरयूच्या जागी म्हणे! पण पाया पडले, पाणी दिलं, चहा टाकला. मुकुंदराव पाचपर्यंत शाळेत होते. चहा होईतो अक्का बागेत गेल्या. मी कपबशा घेऊन बाहेर आले तर त्या लाल झाडासमोर उभ्या होत्या. त्यांनी एक पान उलटं करून पाहिलं. मग शेजारच्या झाडाकडे पाहिलं, त्याच्या शेजारच्याकडे, सगळ्या रांगेकडे. आणि एकदम हसायला लागल्या. हसता हसता खाली बसल्या, पदराने डोळे पुसू लागल्या.

"काय झालं अक्का?"

"दहाचे अकराव्यावर झाडतेस ना गं?"

"काय? छे! काहीतरीच काय?"

"चोराच्या मनात चांदणं! अगं, दहा झाडांना एक दात लागलेला नाही आणि या एकाची चाळण झालीय. किडा काय पंचांग बघून जेवायला बसतो?" त्यांनी मला हाताला धरून शेजारी बसवलं. "भिऊ नकोस. मी हे झाड असंच पाच वर्षं पाहिलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे शरयूही हेच करायची."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "शरयू? अहो, ही युक्तीच तिची. हे तर म्हणतात, ती रोज पहाटे उठून..."

"उठायची ना! रोज उठायची. सुगडात किडे गोळा करायची युक्ती तिचीच. पण गोळा करून सोडायची कुठे, ते तुझ्या नवऱ्याने कधी पाहिलंय? तो साडेसहाला शाळेत." अक्का पुन्हा हसल्या, पण या वेळी ते हसू फार टिकलं नाही. "मला एकटीला सांगितलं होतं तिने, आणि वर शपथ घातली होती. ती गेली तरी शपथ मी पाळली. आज तुझं झाड बघितलं आणि तोंडातून गेलं बघ."

"पण तिला काय कमी होतं? तिने का करावं?"

"तुला काय कमी आहे?"

मी चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला.

"हा कंद कुठून आला, ठाऊक आहे?" अक्कांनी विचारलं. "शरयूच्या आधी मुकुंदराव साताऱ्याला एक मुलगी बघायला गेले होते. पोहे झाले, गाणं झालं. मुलीच्या वडिलांची मोठी बाग, त्यांनी हौसेने जावईबापूंना बाग दाखवली आणि येताना एक कंद हातात दिला. पुढे पत्रिका जमली नाही. मुलगी राहिली तिकडे, कंद राहिला इकडे. लग्न झाल्यावर शरयूला हे सासूकडून कळलं. आणि तो कंद पलंगाखाली! तूच सांग."

त्या पलंगावर मीही झोपत होते.

"मी तिला म्हटलं, अगं वेडे, विचार त्याला सरळ. तर म्हणाली, विचारून तो हो म्हणाला तर?" अक्का उठल्या, गुडघ्यावर हात ठेवून. "चल, चहा गार झाला."

मी तिथेच बसून राहिले. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की मला हसू येतंय. दोन महिने मी जिच्या नावाने जळत होते, ती बाई पाच वर्षं चोरून नवऱ्याचं झाड किड्यांना खाऊ घालत होती! आणि हा भोळा सांब तिच्या नावाने पलंगाखाली वाळू उबवतोय. आता मला त्या कळीची गरजच नव्हती. एक वाक्य पुरे होतं. नवमी होऊ दे, अक्का वाईला जाऊ देत, मग रात्रीची भांडी आवरता आवरता सहज म्हणायचं, शरयू काय करायची ठाऊक आहे का तुम्हाला? त्यानंतर या घरात तिचं नाव कुणी प्रेमाने घेतलं नसतं.

इतक्यात फाटक वाजलं. मुकुंदराव. मी घाईघाईने झाडापाशी गेले आणि सैल सोडलेली नाडी घट्ट आवळली. पिशवीत काय आहे ते बघायला वेळ नव्हता.

नवमीला मी पहाटेपासून स्वयंपाकाला लागले. खीर, वडे, पुरण, अळूची भाजी. अक्कांना तेल-उटणं दिलं, नवं हिरवं लुगडं दिलं. पानं मांडली. देवघरात शरयूचा चांदीचा टाक होता, त्याला मी स्वतः आंघोळ घातली. मन शांत होतं. हातात हुकमाचं पान असलं की माणसाला फार चांगुलपणा सुचतो.

मुकुंदराव सोवळं नेसून बागेत गेले. मी मागून ताम्हन घेऊन गेले. त्यांनी नाडी सोडली आणि पिशवी वर ओढली. आधी पाच-सहा चिमटेवाले टपटप खाली पडले. मग फूल दिसलं. कळी रात्रीत उमलली होती आणि ताटाएवढीच होती. पण एक सबंध बाजू गाभ्यापर्यंत खाल्लेली. मी नाडी आवळली तेव्हा किडे आत होते. मी त्यांना फुलासकट कोंडून ठेवलं होतं.

त्यांनी फूल कापलं, किडे झटकले, ताम्हनात ठेवलं. घरात आले आणि पाटावर बसलेल्या अक्कांसमोर ताम्हन घेऊन उभे राहिले.

"अक्का, यंदाही तसंच झालं," ते म्हणाले. "तिच्या वेळेसारखं."

अक्कांनी मान वर केली नाही.

"लीलाला मी कधी सांगितलं नाही," ते माझ्याकडे वळले. "ही शरयू रोज पहाटे उठायची. पाच वर्षं. ती सुगडं तिने शोधून काढली, गवत भरायची, झाडायची. कडाक्याच्या थंडीत, अंगात ताप असतानाही. तरी पाच वर्षांत तिला एक फूल अख्खं बघायला मिळालं नाही. शेवटच्या आजारात एकदा माझा हात धरून म्हणाली, तुमचं फूल मी येऊ दिलं नाही. मी म्हटलं, अगं तुझा काय दोष? तर नुसती रडायला लागली."

स्वयंपाकघरात वरणाला उकळी आलेली ऐकू येत होती. मी गेले नाही.

"ती गेली त्याच वर्षी भाद्रपदात फूल आलं. अख्खं, एवढं मोठं. मला ते बघवेना. एवढी राबली ती, आणि फूल आलं कधी? म्हणून नवमीला मी ते तिला दाखवतो. मला एरवी काय करायचंय त्या फुलाचं?"

माझं वाक्य जिभेवर तयार होतं. ते कधी बोलायचं, कोणत्या आवाजात बोलायचं, सगळं काल ठरवलेलं होतं. मी तोंड उघडलं.

पण तेवढ्यात तेच म्हणाले, "आणि आता लीलाही तशीच राबते. मी बघतो ना. दोघींचाही काही दोष नाही, ते झाडच वाईट. अक्का, मी ठरवलंय, उद्या उपटून टाकतो. एकीला त्याने रडवलं ते पुरे झालं. हिला नको."

श्रावणापासून मी जे मागत होते, ते हेच. त्यांनी ते आपण होऊन माझ्या ओंजळीत टाकलं होतं, आणि तेही माझ्या काळजीपोटी. तुमचं फूल मी येऊ दिलं नाही. त्या बाईने मरताना खरं सांगितलं होतं, आणि यांना ते कळलं नव्हतं. ती रडली ते त्यासाठी.

"नाही," मी म्हणाले. "उपटायचं नाही. पुढच्या वर्षी येईल. मी बघते."

अक्कांनी तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. मग हात पुढे केला. "आण ते फूल. शरयूचं फूल असंच असायचं. मी हेच माळणार." आणि अर्धं खाल्लेलं ते फूल त्यांनी अंबाड्यात खोवलं, खाल्लेली बाजू आत करून.

जाताना फाटकाशी त्या माझ्या कानाशी आल्या. "बोलली नाहीस."

"नाही."

"बरं केलंस," त्या म्हणाल्या. "कानामागून आलीस, पण तिखट नाही झालीस." आणि माझ्या पाठीवर थाप मारून एसटीकडे गेल्या.

पुढच्या वर्षी मी अकराही सुगडं रोज बादलीत झाडली. आषाढात कळ्यांवर मावा आला. माळी म्हणाला, "बाई, चिमटेवाले सगळेच मारू नका, मावा तेच खातात." मग मी दोन-तीन सुगडं आठवड्यातून एकदाच झाडू लागले. बागेतलं हे शहाणपण मला दोन्ही बाजूंनी चुकूनच आलं.

श्रावणातल्या दुसऱ्या मंगळवारी मी गौरीसमोर पत्री मांडत होते, तेव्हा मुकुंदराव दारात येऊन उभे राहिले. हातात लाल डेलिया होता. काळपट लाल, ताटाएवढा. एका पाकळीलाही दात लागलेला नव्हता.

"हे काय?" मी म्हटलं. "कळी ठेवलीत? नवमीचं फूल लहान येईल ना!"

"येऊ दे लहान. गेल्या वर्षी तू मागितलं होतंस, तेव्हा मी दिलं नाही." ते जरा घुटमळले. "तुझ्या हाताला यश आहे, लीला. शरयूला हे नाही जमलं."

वर्षापूर्वी हे वाक्य ऐकायला मी काय वाटेल ते केलं असतं. केलंच होतं. आता ते कानावर पडलं आणि मला फुलाला हात लावायचं धाडस होईना.

"युक्ती तिचीच आहे," मी म्हणाले. मग न राहवून विचारलं, "अहो, हा कंद मुळात कुणाकडचा?"

"हा? साताऱ्याचा. तुला सांगितलं नाही का? मुलगी बघायला गेलो होतो मी तिकडे, शरयूच्याही आधी."

"नाव काय होतं हो तिचं?"

"कुणाचं?"

"मुलीचं."

मुकुंदरावांनी कपाळाला आठ्या घातल्या. छताकडे पाहिलं. दोन बोटांनी चष्मा वर सरकवला. मनापासून आठवत होते बिचारे.

"नाही बुवा आठवत," ते शेवटी म्हणाले. "काहीतरी साधंच होतं. वडिलांची बाग मात्र फार छान होती." आणि घड्याळाकडे बघत, शाळेला उशीर झाला म्हणत निघून गेले.

फूल ते माझ्यासमोर ठेवून गेले होते. गौरीला दहा झाडांची फुलं पुष्कळ होती. मी उठले, देवघरातला शरयूचा टाक उचलून पदराने पुसला आणि ते अख्खं लाल फूल त्याच्यापुढे ठेवलं.

"ऐकलंस का शरयू?" मी हळूच म्हटलं. "नावसुद्धा आठवत नाही त्यांना."